बिननावाची नळी

दिनानाथ अंगणात कोसळला तेव्हा मुक्ताचा एक पाय अजून उंबऱ्याबाहेरच होता... प्रयोगशाळेतून ती नुकतीच आली होती, अंगावर तेच कपडे, हातांना साबणाला दाद न देणारा तोच उग्र वास! नळाशी जायचं, बाहेरच्या बाहेर अंघोळ करायची आणि मगच आत पाऊल टाकायचं, हा या घराचा नियम. पण वेदपाठाच्या आसनावरून उठता उठता धाकटा भाऊ फरशीवर आडवा झालेला पाहिला आणि नियम कुठल्या कुठे गेला. तिने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ निळसर पडले होते, कपाळावर गार घाम होता. भावजय वैदेही स्वयंपाकघराच्या दारात हातातली पळी तशीच धरून थिजून उभी राहिली होती.

थोड्या वेळाने दिनानाथने डोळे उघडले. लहानपणी तापात बघायचा तसा तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला, आणि मुक्ताच्या अंतःकरणातलं इतक्या वर्षांचं गोठलेपण वितळू लागणार, एवढ्यात तो क्षीण स्वरात म्हणाला,

"ताई, अंघोळ केलीस का?"

"नाही."

"मग... सोड मला."

तिने त्याचं डोकं वैदेहीच्या मांडीवर दिलं आणि ती नळाशी गेली. त्या दिवशी तिने अंगावर पाणी ओतलं ते त्याच्या नियमासाठी नव्हे. मांडीवर राहिलेला त्याच्या डोक्याचा भार तिला धुऊन टाकायचा होता. पाठच्या भावाची, ज्याला आपण हाताने भरवलं त्या भावाची किळस यावी... या विचाराचीही तिला किळस आली.

आईवडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा दिनाला मिसरूडही फुटलं नव्हतं. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतली मराठी मंडळी हळहळली, दोन दिवस पिठलं-भात पाठवून आपापल्या संसाराला लागली. मुक्ता नुकतीच इंजिनियर होऊन नोकरीला लागलेली. मुलगी बघायला येणाऱ्यांना तिने हात जोडले, भावाला वडिलांच्या गुरुबंधूंकडे वेद शिकायला ठेवलं, त्याच्या क्षयरोगात त्याच्या उशाशी बसली, त्याचं लग्न केलं. पुढे दिनानाथ काशीतला नावाजलेला घनपाठी वैदिक झाला. लोक त्याच्याकडे शंका घेऊन येऊ लागले. काय चालतं, काय चालत नाही, ते तो सांगे आणि लोक मान डोलावत. भिंतीआड मुक्ताचा ऊर भरून येई. हेच तर तिला हवं होतं!

तिचं स्वतःचं काम यंत्रांचं होतं. ते फिरत फिरत माणसाच्या हृदयापाशी येऊन ठेपलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथे एक झडप असते. वयाने, रोगाने ती चुन्याच्या खड्यासारखी कडक होते आणि माणूस धापा टाकत संपतो. पूर्वी छाती उघडून ती बदलत. आता मांडीच्या रक्तवाहिनीतून एक नळी घालतात आणि नवी झडप घडी करून त्या नळीतून हृदयापर्यंत नेतात. पण ती नळी जाड असते. आजारी माणसाची रक्तवाहिनी वाकडी, अरुंद. नळी बाहेर ओढताना ती फाटते, आणि हृदय दुरुस्त झालेला माणूस मांडीतून रक्त वाहून जातो. मुक्ताने ठरवलं, नळी बारीकच ठेवायची आणि तिच्या अंगाला लुगड्यासारख्या निऱ्या घालायच्या. झडप जिथून जाईल तेवढ्याच निऱ्या उघडतील, ती पुढे सरकली की मागे मिटतील. सांगायला सोपं होतं. करायला मुक्ताची उमेदीची सगळी वर्षं गेली. प्रयोगशाळेत त्या वस्तूला कुणीच दुसरं काही म्हणत नसे... 'मुक्तादीदी की नली' हेच तिचं नाव.

त्या निऱ्या काचेच्या नळीत तपासता येत नाहीत. त्यासाठी खाटकाकडून बकऱ्याची हृदयं यायची, डुकराच्या रक्तवाहिन्या यायच्या. बर्फातल्या, निसरड्या, कडेला चरबी लागलेल्या. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर थांबे, त्या घरची ही लेक! पहिल्या दिवशी ती बेसिनवर वाकून ओकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. मग तोंडाला पदर बांधला आणि हात आत घातला.

घरी ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण खोटं तिला जमत नसे. रोज कशात हात घालते ते तिने भावाला सांगून टाकलं; हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिनानाथ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी मायेने तिला समजावलं, "ताई, तुझ्यावर राग नाही गं. पण घरात अग्निहोत्र आहे, देव आहेत. तू समजदार आहेस." ती त्यातून काय बनवते हे मात्र त्याने विचारलं नाही, आणि गल्लीकडची बाहेरची खोली तिला झाडून दिली. तिचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. गौरीगणपतीला सगळं घर आत, ती बाहेर. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा वैदेही सांगे की ताईंना वाचायला शांतता लागते. तिच्या पगाराला मात्र कधी विटाळ झाला नाही.

आणि मग एकदा नळाशी पाय धुताना तिच्या कानावर ते पडलं. रेल्वेतले देवदत्त पुणतांबेकर शंका घेऊन आले होते. त्यांच्या आईच्या हृदयात डॉक्टरांनी झडप बसवली होती, ती म्हणे डुकराच्या हृदयावरच्या पातळ पडद्याची बनवतात. आईने आता देवाला शिवावं की नाही? म्हातारी रडून रडून अर्धी झाली होती. दिनानाथ शांतपणे म्हणाला, "आपत्काली औषधाला विटाळ नाही. आईंना सांगा, खुशाल पूजा करा." पुणतांबेकरांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ओले पाय तसेच ठेवून मुक्ता उभी राहिली. भांडावं असंही तिला वाटलं नाही. भांडायलासुद्धा माणूस थोडा आवडावा लागतो. तेव्हापासून ती भावाशी कामापुरतं बोलू लागली आणि त्याच्या पाठाच्या वेळी आपली खिडकी लावून घेऊ लागली.

अंगणात कोसळल्यावर दिनानाथला इस्पितळात नेलं. तिथल्या हृदयविभागातली डॉक्टर निवेदिता मुक्ताच्याच कामातली भागीदार होती. नळी मुक्ता बनवायची, ती माणसांवर कशी चालेल हे निवेदिता बघायची. सगळ्या तपासण्या हातात घेऊन ती मुक्ताला बाजूला घेऊन गेली.

"दीदी, वाल्व एकदम पत्थर है. और पुरानी टीबी के फेफड़े हैं, सीना खोल ही नहीं सकते. जाँघ से ही जाना पड़ेगा. पर नस इतनी टेढ़ी है कि आम नली से फटेगी."

"अपनी नली?"

"उसी से होगा. लेकिन वो अभी ट्रायल में है, और टीम के घरवाले को ट्रायल में नहीं ले सकते. आपका नाम हटेगा तभी. टीम से, पेपर से, पेटेंट के हक़ से... सब जगह से. आपकी पूरी उम्र है इसमें, दीदी."

जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर चढले होते, त्यांच्याकडे मुक्ता बघत राहिली. आयुष्यात एक गोष्ट तिची स्वतःची होती. ना नवरा, ना मूल, ना घरात हक्काचं ताट... एक नळी, आणि तिला लागलेलं नाव!

वॉर्डाच्या दाराशी वैदेहीने तिला गाठलं आणि तिचा हात धरला. कितीतरी वर्षांनी वैदेहीने तिला शिवलं होतं.

"ताई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की झडप जनावराच्या पडद्याची असते. यांना नका सांगू. धातूची आहे म्हणून सांगा, बस. तुमच्या पाया पडते. हे ऐकतील तर नाही म्हणतील हो..."

मुक्ताने आपला हात सोडवून घेतला. शिवलीस, तीही खोटं बोलायला लावण्यासाठी!

"मी खरं बोलले म्हणून बाहेर बसले, वैदेही. आता खोटं बोलून मला आत यायचं नाही."

ती दिनानाथच्या खाटेशी गेली आणि तिने त्याला सांगितलं. आडपडदा न ठेवता, डुकराचं नाव घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा आक्रसला. त्याने तोंडावर उपरणं धरलं.

"दुसरं काही नाही?"

"लोखंडी झडपेला छाती उघडावी लागते. तुझे फेफडे ते सोसणार नाहीत."

"मग राहू दे. काशीत मरण आलं तर वाईट काय?"

"पुणतांबेकरांच्या आईला तू काय सांगितलंस ते मी ऐकलंय, दिना. औषधाला विटाळ नाही म्हणालास. तिला नाही, मग मला का होता? मी तरी औषधच करत होते ना?"

दिनानाथने नजर छताकडे वळवली. त्याचा श्वास जड झाला होता.

"बाहेरच्याला सूट देता येते, ताई," तो म्हणाला. "तिथे माझी दया दिसते. घरातच सूट दिली तर लोक म्हणतील, सोयीचं शास्त्र सांगतो. मग मला विचारायला कोण येईल?"

म्हणजे शास्त्र नव्हतंच! देव नव्हते, अग्नी नव्हता, काही नव्हतं. चार लोकांनी विचारायला यावं, एवढ्यासाठी तिला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. मुक्ताच्या पोटातून तीच जुनी ओकारी वर आली, पहिल्या दिवशी बेसिनवर आली होती तीच; पण त्या मुक्या जनावराच्या रक्तवाहिनीत असं कुजकं काही नव्हतं.

"मला तुझी किळस येते, दिना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. रडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेही निरोप घेऊन आली. तिला नीट बोलवेना.

"हे तयार झालेत. रातभर झोपले नाहीत, घाबरलेत हो फार. फक्त... गल्लीत कुणाला कळू नये म्हणतात. आणि घरी आल्यावर तुमचं ते बाहेरचं सगळं तसंच राहू द्या, ताई. एकदम बदललं तर लोकांना शंका येईल."

मुक्ताला हसू आलं. इतकं कडवट हसू तिने स्वतःचं कधी ऐकलं नव्हतं. डुक्कर हृदयात चालेल, ते लपवायला बहीण बाहेरच राहिली पाहिजे! या माणसासाठी आपण आपलं नाव पुसायचं? क्षणभर तिला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं... मरू दे काशीत, त्यालाच तर हवं होतं.

पण रक्तवाहिनी फाटते म्हणजे काय होतं, हे तिने आपल्या हातांनी पाहिलं होतं. आधी एक बारीकशी चीर जाते, मग ती कापडासारखी टर्रकन उसवत जाते, आणि मग काहीही धरून ठेवता येत नाही. ते एकदा माहीत असल्यावर ते होऊ देणं तिला शक्य नव्हतं. भावावर माया उरली असो वा नसो. ती निवेदिताकडे गेली आणि म्हणाली, "नाम हटा दो." निवेदिताच्या डोळ्यांत पाणी आलं. मुक्ताचे डोळे कोरडेच होते. अशा चाचण्यांना परवानगी देणाऱ्या मंडळाची मान्यता येईपर्यंत दिनानाथला औषधांवर ठेवलं, आणि त्या काळात प्रयोगशाळेतल्या त्या वस्तूला नावाऐवजी एक आकडा चिकटवला गेला. पोरं सवयीने जुनं नाव घेत आणि जीभ चावत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला आत प्रवेश नव्हता. ती आता कुणीच नव्हती, रुग्णाची बहीण फक्त. फिनेलच्या वासात, बाकावर, वैदेहीपासून हातभर अंतर ठेवून ती बसली. आत काय चाललं असेल ते तिला दिसत होतं; आता नळी सरकली असेल, आता पहिलं वळण, आता निऱ्या उघडल्या... आता मिटायला हव्यात. मिटा, मिटा गं! तिने देवाचं नाव घेतलं नाही. ज्या देवांच्या आडून तिला बाहेर काढलं, त्यांच्याकडे काय मागायचं?

निवेदिता बाहेर आली, मास्क उतरवला आणि तिच्यासमोर खाली बसली. "नस साफ है, दीदी. खरोंच तक नहीं आई."

वैदेही हुंदके देऊ लागली. मुक्ता भिंतीला टेकली. केवढा आनंद झाला होता तिला, आणि तो आनंद आपला म्हणायची सोय नव्हती! झालं ते एका आकड्याने केलं होतं.

दिनानाथ घरी आला, त्याचा वर्ण उजळला, धाप गेली. मुक्ताचं बाहेरचं ताट बाहेरच राहिलं. पुढच्या तपासणीला वैदेहीला ताप होता म्हणून त्याच्याबरोबर मुक्ता गेली आणि दाराशी उभी राहिली. निवेदिताने छाती तपासली, सगळं ठीक आहे म्हणाली. दिनानाथ उठला नाही. आपल्या संस्कृतचा वास असलेल्या हिंदीत तो म्हणाला,

"डॉक्टर साहिबा, एक विनती थी. जिसने वह नली बनाई, उसके आयुष्य के लिए रुद्राभिषेक करना चाहता हूँ. संकल्प में नाम और गोत्र बोलना पड़ता है. कृपा करके बता दीजिए."

"नाम नहीं है, पंडितजी."

"ऐसा कैसे? किसी ने तो बनाई होगी."

"था एक नाम. आपको ट्रायल में लेने के लिए हटाना पड़ा." निवेदिताने मुक्ताकडे पाहिलं, मुक्ताने मान हलवली, नको म्हणून. पण निवेदिताला राहवलं नाही. "गोत्र आपको पता है, पंडितजी. आपका ही गोत्र है."

अविवाहित बहिणीचं गोत्र भावाचंच असतं, हे काशीतल्या घनपाठ्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. दिनानाथ हळूहळू दाराकडे वळला. परतताना रिक्षात तो तिच्या शेजारी अंग चोरून बसला होता... आणि आयुष्यात पहिल्यांदा मुक्ताला दिसलं की तो तिच्या विटाळाने अंग चोरत नाही, आपल्या विटाळाने चोरतो आहे.

त्याच्या आरोग्यासाठी मंडळींनी त्याच आठवड्यात दिनानाथच्याच अंगणात वसंतपूजा, म्हणजे वेदपठणाची सभा, ठरवली. भोसले घाटावरून, संकठा घाटावरून वैदिक आले. गंध, गुलाबपाणी, केशरी दूध, सगळी तयारी झाली. प्रथेप्रमाणे मुक्ता बाहेरच्या खोलीच्या पायरीवर होती. आतून वृद्ध विष्णुशास्त्र्यांचा आवाज आला, "दिनानाथ, मानाच्या जागेवर बस. आरंभ तू कर."

"काका, बसण्याआधी एक सांगायचं आहे. माझ्या छातीत डुकराच्या पडद्याची झडप आहे."

विष्णुशास्त्री चाचरत म्हणाले, "अरे, आपद्धर्म आहे तो. पण हे चारचौघांत बोलायचं कशाला? बस तू."

"हेच मी लोकांना सांगत आलो, काका. आणि माझ्यासारख्यांचे प्राण वाचावेत म्हणून तेच मांस हाताळणाऱ्या माझ्या ताईला मी बाहेर बसवलं. शास्त्रासाठी नाही. माझा मान राहावा म्हणून. मी मेलो नाही तो तिच्या नळीमुळे, आणि मला ती नळी मिळावी म्हणून तिने तिच्यावरचं आपलं नाव पुसलं. आता मानाच्या जागेवर मी कुठल्या तोंडाने बसू?"

काहीजण उठले. त्यांच्या चपलांचा आवाज मुक्ताच्या पुढून गल्लीत निघून गेला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. दिनानाथ बाहेर आला. डोळे सुजले होते, उपरणं खांद्यावरून ओघळलं होतं.

"ताई, आत चल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. या घटकेची तिने किती वाट पाहिली होती! वाटलं होतं, त्याने एवढं म्हटलं की सगळं धुऊन निघेल, आपण ढसाढसा रडू, त्याला पोटाशी धरू... पण आत काहीच हललं नाही.

"दिना, खोटं मला जमत नाही. तू बोललास, बरं केलंस. पण मला तुझी किळस यायची ना... ती गेलेली नाही."

दिनानाथने मान खाली घातली. मग तो पायरीवर, तिच्या शेजारी, खाली बसला.

"आत मंडळी खोळंबलीत," ती म्हणाली.

"खोळंबू देत. तुझी जाईल तेव्हा जाईल, ताई. तोवर मी इथेच बसतो."

तो खरंच बसून राहिला. आतून वैदेहीने एकदा हाक मारली, त्याने ओ दिली नाही. गल्लीतून जाणारे थबकून बघत होते, त्याने मान वळवली नाही. आणि इतक्या वर्षांत आलं नव्हतं ते पाणी मुक्ताच्या डोळ्यांत आलं. पायरी अरुंद होती. डोळे पुसत ती जराशी सरकली आणि तिने त्याला नीट बसायला जागा करून दिली.